कोथिंबीर बियाला सोडली

श्रावण लागला की दुकानात एक तक्रार रोजची. “काकडीच्या कळ्या पिवळ्या पडून गळायल्यात. काहीतरी द्या.” मी औशात एकवीस वर्षं कृषी सेवा केंद्र चालवतोय. फुलगळ म्हटलं की माझा हात एका ठरावीक फळीकडं जायचा. संजीवकाची बाटली, जोडीला बोरॉनची पुडी, पंपाला किती टाकायचं ते पावतीच्या मागं लिहून द्यायचं. कधी गुण यायचा, कधी नाही. नाही आला तर शेतकरीही म्हणायचा आणि मीही म्हणायचो, आभाळ धरून राहिलंय, त्याला काय करणार.

पाच वर्षांपूर्वी माझ्याच परसात तेच झालं. घरामागं दीड गुंठा जागा आहे. माय गावाकडून कायमची राहायला आली, तेव्हा तिच्या हाताला काही काम असावं म्हणून ती मोकळी केली आणि कुंपणावर काशीफळाचा वेल चढवला. वेल माजला, पानं परातीएवढी, रोज सकाळी दहा-बारा पिवळीधमक फुलं. फळ मात्र एकही धरेना. फुलामागची गोटीएवढी गाठ दोन दिवस हिरवी राहायची आणि तिसऱ्या दिवशी मऊ पडून देठातून सुटायची. दुकानातली बाटली मी घरच्या वेलावर दोनदा फवारली. माय ओट्यावर बसून बघत होती. दुसऱ्या फवारणीनंतर म्हणाली, “फुलावर माशी येतीय का, ते बघितलास का आधी?”

बघितलं नव्हतं. काशीफळाचं फूल पहाटे उघडतं, दहा-साडेदहाला मिटतं आणि परत उघडत नाही. नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. पराग जड आणि चिकट, वाऱ्यानं उडणारा नाही. तेवढ्या तीन-चार तासांत कुणीतरी एका फुलातून दुसऱ्या फुलात जायलाच पाहिजे. खत-औषध विक्रेत्यांसाठीचा एक वर्षाचा ‘देसी’ डिप्लोमा करताना हे सगळं वहीत लिहून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची टाकून वेलासमोर बसलो. मुंग्या आल्या. एक लाल भुंगेरा पाकळी कुरतडून गेला. दोन तासांत मधमाशी एकही नाही.

माय उठली, एक नर फूल खुडलं, पाकळ्या सोलून काढल्या आणि आतला दांडा तीन मादी फुलांत फिरवला. “सूर्यफुलाला करायचो तसं,” म्हणाली. त्या तीनपैकी दोन फळं धरली. एक सात किलोचं भरलं.

सूर्यफुलाचं ती बोलली आणि मला एकदम आठवलं. माझ्या लहानपणी आमच्या रानात सूर्यफूल असायचं, रब्बीला करडई, बांधाला जवस, तुरीत अंबाडी. सूर्यफुलाला स्वतःचा पराग सहसा चालत नाही, दुसऱ्या झाडाचा लागतो. नाहीतर ताट दिसायला भरलेलं आणि बी पोचं. म्हणून फुलोऱ्यात सकाळी आठ-नऊ वाजता बाया हाताला मऊ फडकं गुंडाळून एकेका फुलावर अलगद तळवा फिरवत जायच्या. माय त्यातच होती. तिच्या म्हणण्याप्रमाणं तेव्हा रानात माश्या इतक्या, की त्यांना बाजूला सारून हात फिरवावा लागायचा. आज त्याच रानात खरिपाला बांधापासून बांधापर्यंत सोयाबीन आहे. मीच बियाणं दिलेलं. सोयाबीनचं फूल बारीक, आतल्या आत स्वतःच फळणारं. मधमाशी त्यावर जाते, पण फुलोरा सगळ्या शिवारात एकाच वेळी येतो, दोन-तीन आठवड्यांत संपतो, आणि नेमके तेच दिवस चक्रीभुंग्याच्या आणि अळीच्या फवारणीचे. त्यानंतर तिला त्या शिवारात खायला काय? बांधही आता तणनाशकानं स्वच्छ.

मी ठरवलं, परसात फुलं लावायची. पहिलं वर्ष सगळं चुकलं. लातूरच्या एका रोपवाटिकेतून बावीसशे रुपयांची रोपं आणली. भरगच्च पाकळ्यांचा झेंडू, दुहेरी जास्वंद, पिटुनिया, तीन रंगांची बोगनवेल. दिवाळीला परस असं रंगलं की येणारे-जाणारे थांबून फोटो काढायचे. माश्या यायच्या, वर घिरटी घालायच्या आणि निघून जायच्या. दुहेरी फूल म्हणजे ज्यातल्या पुंकेसरांच्याच, झेंडूत मधल्या चकतीतल्या बारक्या फुलांच्याच, पाकळ्या झालेल्या असतात. पराग कमी, आणि मधापर्यंत जायची वाट पाकळ्यांनी बुजलेली. बोगनवेलीचा रंग तर फुलाचा नसतोच. ती रंगीत पानं, खरं फूल मधे बारीक पांढरं. आपल्या डोळ्याला जे भरगच्च वाटतं ते माशीला कुलूप लावलेलं घर असतं. गावठी झेंडू, पाकळ्यांची एकच ओळ आणि मधे मोकळी चकती, तो लावला त्या आठवड्यात माश्या बसल्या. देवाला घालायलाही तो चालतो, कुणी कमी समजू नये.

खरा बदल कोथिंबिरीनं झाला, आणि तोही न ठरवता. हिवाळ्यात मायनं वाफा केला होता. जानेवारीत ती पंढरपूरला गेली आणि तिकडूनच बहिणीकडं राहिली, महिनाभर कोथिंबीर कुणी खुडली नाही. ती दांड्यावर गेली, कमरेएवढी झाली आणि पांढऱ्या बारीक फुलांच्या छत्र्यांनी भरून गेली. एका सकाळी चहा घेऊन मागं गेलो तर वाफा गुणगुणत होता. लांबून ऐकू येत होतं. मी घड्याळ लावून मोजायला बसलो. चाळीसच्या पुढं मोजणं सुटलं.

कोथिंबिरीच्या फुलात मध उघड्यावर असतो. लांब सोंड लागत नाही. त्यामुळं सगळे येतात: बारकी फुलोरी माशी, जी एखाद्या फांदीभोवती तळहाताएवढं एकच पोळं करते, सातेरी मधमाशी, गांधीलमाशीचे दोन-तीन प्रकार, आणि काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची, हवेत एका जागी थांबणारी सिरफिड माशी. ही सिरफिड माझ्या धंद्याच्या लोकांनी नीट ओळखून ठेवावी अशी आहे. वाढ झालेली माशी फुलातला मध-पराग खाते, तिची अळी मावा खाते. करडईवर मावा आला की आम्ही लगेच औषध देतो. त्या वर्षी वाफ्याशेजारी मायनं हौसेनं लावलेल्या चार ओळी करडईवर मावा आला, वाढला, आणि पंधरा दिवसांत ओसरला. मी काही फवारलं नव्हतं. पानांखाली सिरफिडच्या अळ्या आणि ढालकिडे होते.

माय परत आली तर आधी रागावली, “सगळी कोथिंबीर वाया घालवलास.” मग वाफ्याजवळ बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. त्या दिवसापासून घरचा नियम आहे, की कोणत्याही भाजीचा एक कोपरा बियाला सोडायचा. कोथिंबीर, मेथी, मुळा, शेपू, बडीशेप, कांदा. मुळ्याची जांभळट पांढरी फुलं तर कोथिंबिरीच्याही आधी येतात. कांद्याचे गोंडे फेब्रुवारी-मार्चमध्ये. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळं त्या फुलाला स्वतःचा पराग वेळेवर मिळत नाही. बीजोत्पादनाचे प्लॉट घेणारे शेतकरी म्हणूनच मधमाशीवाचून हवालदिल होतात. माझ्याकडं चार गोंडे असतात, पण बी इतकं भरतं की शेजारीपाजारी वाटून उरतं.

नंतर लक्षात आलं की थंडीत फुलं फुलवणं सोपं आहे, खरी ओढ उन्हाळ्याची आणि पावसाच्या तोंडाची. आमच्याकडं मे महिन्यात पारा बेचाळिसावर जातो, जमीन भेगाळते, आणि पिकाचं म्हणून एक फूल दिसत नाही. त्या दिवसांत झाडंच तारतात. मार्च-एप्रिलात कडुनिंब, त्यामागं करंज, मग चिंच. दीड गुंठ्यात चिंच मावत नाही, पण शेजारच्या मोकळ्या प्लॉटच्या कडेला करंज लावून दिलाय, मालकाला विचारून. परसात दोन शेवगे आहेत. शेवगा वर्षातून दोनदा तरी बहरतो आणि पाण्याला हट्ट करत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तेव्हा आमच्याकडं भांडी घासलेलं पाणी सोडून झाडाला घालायला काही नव्हतं. तेवढ्यावर मोठा शेवगा जगला, तुळस जगली, कोरफड जगली. म्हणून कुणी विचारलं की पहिलं काय लावू, तर मी शेवगा सांगतो. शेंगाही खायला मिळतात.

तुळशीबद्दल थोडं सांगतो. तुळस डेरेदार व्हावी म्हणून मंजिऱ्या खुडतात, आमच्याकडंही खुडायचे. आता अर्ध्या खुडतो, अर्ध्या ठेवतो. वर्षातला असा महिना मला आठवत नाही, ज्यात राहिलेल्या मंजिरीवर दुपारी अकराच्या सुमाराला काही ना काही बसलेलं नव्हतं. वृंदावनातल्या एका तुळशीनं भागत नाही म्हणून कुंपणालगत अकरा लावल्यात, रानतुळस धरून.

पावसाळ्यात तीळ आणि कारळ. तीळ ऑगस्टात फुलतो, कारळ भाद्रपदात पिवळा होतो. कारळाची चटणी कुणाला सोडवत नाही, पण कारळ पेरायचं मात्र सगळ्यांनी सोडलं. कुंपणाबाहेर दगडी पाला आपोआप येतो, कुणी त्याला एकदांडी म्हणतं. लहानपणी खरचटलं की त्याचा रस चोळायचो. माझ्याच दुकानातल्या तणनाशकानं लोक तो जाळतात. जवळपास बारा महिने फुलणारं आणि पाणी न मागणारं दुसरं फुकटचं झाड मला माहीत नाही. तो मी उपटत नाही.

मधमाशी म्हटलं की पोळंच डोळ्यासमोर येतं. अजिंठ्याच्या कातळाला लटकलेली आग्या मोहोळं शाळेच्या सहलीत बघितली होती, तेवढीच ओळख. परसात रोज बसायला लागलो तेव्हा कळलं की यातल्या कितीतरी माश्या एकट्याच राहतात. पोळं नाही, राणी नाही, मध साठवणं नाही. त्यांच्यावाचून वांग्याचं मात्र अडतं. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलात मध नसतोच. पराग असतो पिवळ्या नळीत बंद, टोकाला बारीक छिद्र. तो हलवून पाडावा लागतो. सातेरीला ते जमत नाही. काळा भुंगा, जो वाळल्या बांबूत भोक पाडून राहतो, तो येतो, फुलाला मिठी मारतो आणि पंख न हलवता नुसतं अंग थरथरवतो. आवाज बदलतो, एकदम चढतो, आणि पराग त्याच्या पोटावर सांडतो. निळ्या पट्ट्यांची एक देखणी माशीही हेच करते. तिचे नर संध्याकाळी तुळशीच्या वाळल्या काडीला जबड्यानं धरून एका ओळीत झोपतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मेलेले वाटले. सकाळी ऊन लागल्यावर उडून गेले.

आणि पान कापणारी. शेजारच्या काकू एकदा गुलाबाची डहाळी घेऊन दुकानात आल्या. पानांच्या कडेला कात्रीनं कापल्यासारखे अर्धगोल. “कोणती अळी म्हणायची ही? जालीम औषध द्या.” एक-दोन वर्षं आधी आल्या असत्या तर मी दिलंही असतं. ही अळी नाही. ही माशी पानाचा तुकडा कापून पोकळ काडीत नेते, त्याची पुरचुंडी करते, आत पराग ठेवून अंडं घालते. गुलाबाला काही होत नाही. तुरीच्या फुलावर ही फार काम करते. तुरीचं फूल मिटलेल्या नावेसारखं असतं, ते दाबून उघडायला असं जोरकस अंग लागतं. काकूंना घरी नेऊन दाखवलं. त्या आता त्या पानांना हात लावत नाहीत, आलेल्या पाहुण्यांना दाखवतात.

या माश्यांना फुलांइतकीच राहायला जागा लागते, हे मला गावात कळलं. आमचं गाव किल्लारीच्या भूकंपाच्या पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती बुडवून लोक झोपले होते, त्या पहाटे ते गेलं. मी आठवीत होतो. नवं गाव दोन किलोमीटरवर सिमेंटच्या घरांचं वसलं. जुन्या गावठाणात आता बोरी-बाभळी आहेत आणि दगडमातीचे ढिगारे. हात-दोन हात जाडीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद, त्याखालीच माणसं दबली. त्या घरांत माणसांनी परत राहावं असं मी कधीच म्हणणार नाही. माझा चुलता त्यात गेला.

तीन वर्षांपूर्वी वर्षश्राद्धाला मायला घेऊन तिथं गेलो होतो. आमच्या घराची कमरेएवढी एक पांढऱ्या मातीची भिंत अजून उभी आहे. तिच्यात पेन्सिल जाईल एवढी भोकं, शंभराच्या वर. आणि त्यांत निळ्या पट्ट्यांच्या माश्या आत-बाहेर करत होत्या. माय म्हणाली, भिंत उभी होती तेव्हाही ह्या होत्या. सारवायच्या दिवशी सासू म्हणायची, तेवढा कोपरा राहू दे. मी लहानपणी त्या भिंतीला टेकून अभ्यास करायचो आणि मला त्या दिसल्या नव्हत्या. आम्ही दोघं तिथं बराच वेळ उभे होतो.

औशाला आल्यावर परसात पूर्वेला तोंड करून चार फुटांची भिंत घातली. पांढरी माती, गव्हाचा भुसा, थोडं शेण, सिमेंट अजिबात नाही. वर पत्र्याचा तुकडा, पावसानं वाहून जाऊ नये म्हणून. जवळच वाळलेल्या बांबूची कांडं आणि तुराट्यांची एक मोळी आडवी बांधून ठेवली. मोळीत पान कापणारी त्याच वर्षी आली. भिंतीकडं दोन वर्षं कुणी फिरकलं नाही.

आता दुकानाचं. एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. कोथिंबिरीच्या त्या वर्षीच, मार्चमध्ये, मिरचीच्या चार रोपांवर फुलकिडे होते म्हणून मी सकाळी आठ वाजता इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मारलं. शेजारी कांद्याचे गोंडे फुललेले. वाऱ्यानं तुषार तिकडं गेला असणार. दुपारी वाफ्यात फुलोरी माश्या पडलेल्या होत्या, काही पाठीवर गरगर फिरत होत्या. मी त्या हातात घेतल्या. एवढी वर्षं जे विकतोय ते काय करतं, हे मी पहिल्यांदा तळहातावर बघितलं.

डब्यावरचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा की हिरवा, हे माणसाला किती घातक त्यावर ठरतं. मधमाशीला किती घातक ते त्या रंगावरून कळत नाही. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही आंतरप्रवाही औषधं झाडाच्या रसातून फिरतात आणि फुलाच्या मधात-परागातही उतरतात. युरोपीय संघानं २०१८ मध्ये यांचा उघड्या शेतातला वापर बंद केला. माझं घर दुकानावर चालतं आणि मी ती अजून विकतो. पण बाटली काढण्याआधी दोन प्रश्न विचारतो: पीक फुलात आहे का, आणि किती वाजता मारणार? फुलात असेल आणि थांबता येण्यासारखं असेल तर थांबा म्हणतो, आधी निंबोळी अर्क सांगतो. थांबता येणार नसेल तर संध्याकाळी, माश्या परतल्यावर. मजूर सकाळीच मिळतो, हे मला माहीत आहे. दहातले तीन-चार ऐकतात. काकडी गळते म्हणणाऱ्याला बाटली देण्याआधी विचारतो, सकाळी वेलाजवळ बसून बघितलं का?

गल्ल्याशेजारी धन्यांची बरणी ठेवली आहे. किराणाचेच धने, चपलेखाली रगडून दोन फाकी केलेले. भाजीपाल्याचं बियाणं नेणाऱ्याला मूठभर पुडी बांधून देतो. अर्धे खायला, अर्धे फुलाला, असं सांगून.

उन्हाळ्यात फुटक्या माठाच्या खापरात पाणी ठेवतो, आत खडे आणि काथ्या, नाहीतर माश्या बुडतात. मे महिन्यात फुलांपेक्षा त्या पाण्यावरच गर्दी जास्त. ते पाणी नेऊन त्या पोळं गार ठेवतात. रोज दोनदा भरावं लागतं, ते काम माझ्या धाकट्या मुलीनं घेतलंय.

यंदा मृग कोरडा चाललाय. तिळाचं बी काढून ठेवलंय, एक चांगला पाऊस झाला की टाकायचं. परवा सकाळी मायनं मला मागून हाक मारली. मातीच्या भिंतीच्या पायाशी पिठासारख्या मातीची छोटी रास पडली होती आणि वर, वीतभर उंचीवर, एक ताजं भोक. आम्ही दोघं उकिडवे बसलो. थोड्या वेळानं निळे पट्टे आत गेले, पाठमोरे बाहेर आले, परत आत गेले.

“या अंगाला सडा टाकू नको म्हणाव पोरीला,” माय म्हणाली.